जमेच्या बाजूला काय धरायचं?

नगरपरिषदांचे कर आणि लेखा अधिकारी नाशिकला प्रशिक्षणाला येतात, तेव्हा सुरुवातीलाच मी एक गणित घालते. संकलित कराची, म्हणजे घरपट्टीची, चालू मागणी 10 कोटी, थकबाकी 6 कोटी. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात जमेला किती धराल? बरेच जण 16 कोटी लिहितात. मग मी वसुलीचं प्रमाण सांगते : चालू मागणीतले 70 टक्के, थकबाकीतले 20. हातात येतात 8 कोटी 20 लाख. बाकीच्या रकमेवर मात्र गटारं आणि रस्ते मंजूर झालेले असतात! ठेकेदारांची बिलं अडकतात आणि काम रखडलं म्हणून बोलणी नागरिकांची खावी लागतात.

मागच्या आकड्यात 10 टक्के मिळवायचे, ही सवय मला मोडायची आहे. त्यासाठी नाशिकसारखं उदाहरण नाही. जकात होती तेव्हा सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींचा माल नाक्यावर दिसायचा. 2013 मध्ये एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला आणि सगळं व्यापाऱ्याच्या विवरणपत्रावर गेलं. 1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींखालच्या उलाढालीला त्यातून सूट मिळाली. 1 जुलै 2017 ला जीएसटी. चार वर्षांत पाया तीनदा हलला. आता महापालिकेला राज्याकडून भरपाई मिळते, ती 2016-17 हे वर्ष पायाभूत धरून, दरवर्षी 8 टक्के चक्रवाढीने. म्हणजे शहरात कारखाने वाढले, तरी ती रक्कम त्या हिशेबाने वाढत नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण स्वतःच्या हातातला मोठा कर मग घरपट्टीच उरतो.

घरपट्टीचा अंदाज कर विभागात बसून होत नाही. वार्षिक भाड्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा करून करयोग्य मूल्य निघतं. ते भाडंच जुनं असेल तर पुढचं सगळं जुनं. म्हणून नगररचना विभागात जा, वर्षभरात किती भोगवटा दाखले (नव्या इमारतीच्या वापराची परवानगी) दिले ते मोजा, त्यातल्या किती मिळकतींची आकारणी झाली ते बघा.

अभय योजनेवर वर्गात हमखास वाद होतो. थकबाकीवरची दरमहा 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, माफ केली की मार्चमध्ये पैसा येतो, हे खरं. पण वेळेवर भरणाराही पुढच्या वर्षी थांबायला शिकतो. म्हणून तीन वर्षांचा अंदाज दोनदा करून घेते, योजनेसह आणि योजनेविना. प्रत्येक आकड्याशेजारी गृहीतक लिहायचं. ते नसलेला कागद मी तपासत नाही.