निगेटिव्हमधलं काळं कॉनकॉर्ड

24 ऑक्टोबर 2003, शुक्रवार. दुपारी चारच्या सुमारास लंडनच्या हीथ्रो विमानतळावर पाठोपाठ तीन कॉनकॉर्ड उतरली, आवाजाच्या दुप्पट वेगानं उडणारी प्रवासी विमानं. एक एडिनबरोहून, एक बिस्केच्या उपसागरावर चक्कर मारून आणि शेवटचं न्यूयॉर्कहून. ब्रिटिश एअरवेजची कॉनकॉर्डसेवा तिथं संपली. एअर फ्रान्सनं आपली मे महिन्यातच थांबवली होती. हजारो माणसं कुंपणाला चिकटून उभी होती. आणि कॉनकॉर्डसाठी शनिवार-रविवार कुंपणापाशी घालवणारा मी, विमानतळाशेजारच्या हाउन्स्लोमधल्या एका फोटो लॅबमध्ये कुणाच्या तरी लग्नाचे फोटो छापत होतो.

विमान बंद होणार असं एप्रिलमध्ये जाहीर झालं, तेव्हाच मी रजेचं बोलून ठेवलं होतं. पण तो आठवडा नेमका दिवाळीचा निघाला. हाउन्स्लो-साउथॉल म्हणजे भारतीयांची वस्ती, तिथं दिवाळी म्हणजे लॅबचा हंगाम. मॅनेजर म्हणाला, विमान काय, परत येईल. या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

आवाज मात्र तीनदा आला. रोज सकाळी साडेदहाचं न्यूयॉर्कचं कॉनकॉर्ड निघालं की आमच्या काउंटरवरचे अल्बम थरथरायचे, मी त्यावर घड्याळ लावायचो. उतरतानाचा आवाज त्या मानानं सौम्य. तरी चार ऑलिंपस इंजिनं डोळे मिटूनही ओळखता येत. तिसरा आवाज विरला आणि मी पुढच्या निगेटिव्हला हात घातला. नवरी हसत होती.

खरा दिवस उजाडला तो शनिवारी. दार उघडण्याआधीच बाहेर रांग. प्रत्येकाच्या हातात रोल, नाहीतर वापरून फेकायचा 27 फोटोंचा कॅमेरा, आणि प्रत्येकाला तासाभरात हवं. डिजिटल कॅमेरे आले होते, पण आमच्या भागात घरोघरी अजून रोलच चालायचा. 38 अंशांवरच्या रसायनात सव्वातीन मिनिटं, मग पुढची टाकी, मग पुढची, असं करत पट्टी वाळून बाहेर आली. निगेटिव्हवर सगळे रंग उलटे, म्हणून उजेडावर धरली तर तांबूस आकाशात एक काळा त्रिकोण. पुढच्या रोलमध्येही तोच. दिवसभर मी काळी कॉनकॉर्ड बघत राहिलो.

त्यांना पांढरं करणं हे माझं काम, आणि ते वाटतं तितकं सोपं नाही. प्रिंटिंगचं मशीन सगळ्या फ्रेमची सरासरी काढतं. फ्रेमभर निळं आकाश दिसलं की त्याला वाटतं रंग बिघडलाय. ते निळा कमी करतं आणि विमान येतं पिवळट, जुन्या दातासारखं. म्हणून फ्रेमगणिक हातानं रंग दुरुस्त करायचा. बाकी कुठलं विमान असतं तर सोडून दिलं असतं. पण कॉनकॉर्डचा पांढरा रंग दिखाव्यासाठी नव्हता. आवाजाच्या दुप्पट वेगात त्याचं नाक सव्वाशे अंशांवर तापायचं, सबंध विमान प्रसरण पावून काही इंच लांब व्हायचं. उष्णता बाहेर फेकणारा तो खास रंग होता. 1996 मध्ये पेप्सीच्या जाहिरातीसाठी एअर फ्रान्सचं एक कॉनकॉर्ड निळं रंगवलं, तर त्याला पूर्ण वेगात वीसेक मिनिटांपेक्षा जास्त राहायची मनाई होती. असं पांढरं माझ्या हातून पिवळं निघणं शोभलं नसतं.

आता फोटोंबद्दल. खोटं कशाला बोलू, बहुतेक वाईट होते. उतरतानाही कॉनकॉर्ड ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास असायचं. कमी वेगातही विमान उचलून धरणारे फ्लॅप त्याच्या पंखांना नव्हते, म्हणून बगळा पाण्यात उतरतो तसं अंग वर उचलून यायचं. वैमानिकाला धावपट्टी दिसावी म्हणून नाक साडेबारा अंश खाली वाकवलेलं. हे सगळं डोळा टिपतो, स्वस्तातला कॅमेरा नाही. कुणाकडे नुसती शेपटी, कुणाकडे धूर, कुणाकडे पुढच्याची टोपी. यात त्यांचा दोष नाही. कॉनकॉर्ड आवाजापेक्षा जास्त वेगात असतानाचा फोटो काढायला 1985 मध्ये रॉयल एअर फोर्सचं टॉर्नेडो लढाऊ विमान पाठवलं होतं, तर कॉनकॉर्डलाच आपला वेग कमी करावा लागला.

लॅबचा नियम असा, की बिघडलेल्या प्रिंटवर सल्ल्याचं स्टिकर लावायचं: कॅमेरा हलला, उजेड कमी, वगैरे. चूक आमची नाही हे गिऱ्हाइकाला कळावं म्हणून. दुपारपर्यंत मी इमानानं लावत होतो.

दुपारी एक पंजाबी आंटी पाकीट न्यायला आल्या. विमानात जाणारं जेवण तयार होतं त्या किचनमध्ये कामाला होत्या. कॉनकॉर्डचे ट्रे त्यांनी कित्येकदा भरले होते, विमान आतून कधी पाहिलं नव्हतं. पाकिटातल्या एका फोटोवर माझं स्टिकर होतं. फोटोत किचनच्या मागच्या अंगणात ॲप्रन आणि जाळीच्या टोप्या घातलेल्या दहा-बारा बाया, कपाळावर आडवा हात धरून वर बघताहेत. तोंडं उघडी. जरा हललेला. विमानाचा पत्ता नाही.

"बेटा, ये किसने चिपकाया?" त्यांनी नखानं स्टिकर सोलून काउंटरवर चिकटवलं. "इसकी बारा कॉपी निकालो."

म्हटलं, आंटीजी, याच्यात विमान नाही आलं. त्या म्हणाल्या, जहाज तो टीव्हीपे है.

मला एकदम बाबांचा फोटो आठवला. जून 1972. कॉनकॉर्डचं दुसरं नमुना विमान पूर्वेकडे विक्रीच्या दौऱ्यावर निघालं होतं, वाटेत मुंबईला थांबलं. एअर इंडियानं तेव्हा दोन कॉनकॉर्डसाठी हक्क राखून ठेवले होते, त्यामुळे बाबांना ते आपलंच विमान वाटत होतं. मी सहा वर्षांचा, त्यांच्या खांद्यावर, सांताक्रूझच्या कुंपणापाशी. आगफा क्लिक थ्रीमध्ये बारा फोटोंचा रोल. आठ विमानावर खर्च झाले. सातांत आभाळ आणि एकात कुणा गृहस्थाची उघडी छत्री, तिच्याखालून डोकावणारं वाकलेलं नाक. आमच्या घरी त्याला छत्रीचा फोटो म्हणतात. पुढे स्वतः नंबरासकट स्वच्छ कॉनकॉर्ड टिपायला लागल्यावर मी त्या फोटोला बरीच नावं ठेवली होती.

संध्याकाळपर्यंत स्टिकरच्या गुंडाळीला पुन्हा हात लावला नाही. मॅनेजरनं विचारलं, तर म्हटलं, आज लोकांनी बरे काढलेत.

आंटींना विचारून त्या फोटोची तेरावी कॉपी मी माझ्यासाठी काढली आणि बाबांना पोस्टानं पाठवली. पंधरा दिवसांनी फोनवर म्हणाले, "अरे, यात विमान कुठंय?"

"फोटो काढणाऱ्याच्या मागे."

"आणि तू?"

"दुकानात."

जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नाक वाकवलं होतं का रे उतरताना?"