सरांचे टिळक

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांनी आपले मनोगत पाठवावे, असे मुख्याध्यापकांचे पत्र मिळाले आणि त्याच रात्री लिहायला बसलो. तीन वेळा कागद बदलला. प्रत्येक वेळी आरंभ शाळेच्या प्रवेशद्वारापासून, प्रार्थनेच्या ओट्यापासून किंवा मधल्या सुट्टीच्या घंटेपासून केला आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या परिच्छेदात सर आले व शाळा मागे राहिली. तेव्हा इतर शिक्षकांची क्षमा मागून हे लेखन सरांवर आणि सरांनी मला दिलेल्या टिळकांवरच करावे, असे ठरवले. मी 1979 च्या दहावीच्या तुकडीचा विद्यार्थी. त्या काळात शाळेत असलेल्या कोणालाही 'सर' म्हणजे कोण, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

आठवीत असताना, म्हणजे 1976 साली, गणेशोत्सवानंतरच्या उत्स्फूर्त वक्तृत्व स्पर्धेत माझे नाव वर्गशिक्षकांनी मला न विचारताच दिले होते. चिठ्ठी उचलायची, पाच मिनिटे विचार करायचा आणि बोलायचे, असा नियम होता. माझ्या चिठ्ठीवर 'टिळकांचे साताऱ्यातील दिवस' हा विषय निघाला. टिळक म्हटल्यावर मला हायसे वाटले, कारण दर 1 ऑगस्टला होणारे भाषण मला तोंडपाठ होते. साताऱ्याचे काय करायचे ते ओघात पाहू, असा विचार करून मी व्यासपीठावर गेलो आणि थेट शेंगांपासून सुरुवात केली. 'मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफले उचलणार नाही' हे वाक्य मी हात उंचावून म्हटले, तेव्हा मागच्या रांगेतून हसू फुटले आणि ते पुढे सरकत परीक्षकांपर्यंत आले. मला कळेना की काय चुकले. केसरी, मंडाले, गीतारहस्य असे करत मी भाषण रेटून नेले आणि खाली उतरलो. सभागृहात न हसलेली एकच व्यक्ती होती. सरांनी जवळ बोलावून एवढेच विचारले, ''संध्याकाळी घरी येशील का रे?''

सर तेव्हा शनिवार पेठेत राहत. मी शिक्षेच्या तयारीने गेलो होतो. सरांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या बाईंनी, उकडलेल्या ओल्या शेंगांची परात माझ्यापुढे ठेवली आणि सर म्हणाले, ''खा पोटभर. टरफले मात्र तूच उचलायची.'' त्यानंतर ते दोन तास बोलले, लोकमान्य टिळकांवर नव्हे, तर चिठ्ठीतल्या टिळकांवर, म्हणजे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांवर, आणि मी शेंगा खात ऐकत राहिलो. गळ्यात तुळशीची माळ असलेला, दर आषाढीला रजा टाकून पंढरपूरला जाणारा हा मनुष्य एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाविषयी इतक्या मायेने का बोलतो आहे, हा प्रश्न त्या वयातही मला पडला होता. पण विचारण्याचे धैर्य झाले नाही.

पाठ्यपुस्तकात आम्हाला या टिळकांची एखादी कविता असे आणि खाली 'रेव्हरंड ना. वा. टिळक' असे छापलेले असे. रेव्हरंड हे त्यांचे पहिले नाव असावे, असा आमच्या निम्म्या वर्गाचा समज होता. 'फुलामुलांचे कवी' ही उपाधी सरांना आवडत नसे, कारण त्यांच्या मते तिच्यामुळे टिळकांना बालवर्गात बसवून ठेवण्याची सोय झाली. 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मलेला हा कोकणस्थ ब्राह्मण, संस्कृतचा व्यासंगी, नोकरीत कुठेही फार दिवस न टिकणारा, स्वतःच एखादा नवा धर्म स्थापन करावा अशी महत्त्वाकांक्षा बाळगणारा, 1893 साली नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाला असताना डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाशी त्याची गाठ पडते. बोलता बोलता तो प्रवासी त्याच्या हाती बायबलमधला 'नवा करार' देतो आणि दोन वर्षांच्या आत तू ख्रिस्ती होशील, असे सांगून निघून जातो. टिळक पुस्तक वाचू लागतात आणि येशूच्या पर्वतावरील प्रवचनापाशी येतात, तिथून त्यांना पुढे हलवत नाही. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सरांनी बोटांवर महिने मोजून दाखवले होते, ते अजून डोळ्यांपुढे आहे.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर त्या वेळी काय कोसळले, ते सांगताना सर थांबले आणि बाईंकडे पाहून म्हणाले की हा भाग पुरुषाने सांगू नये, वाचावा. नवऱ्याच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्याच्यापासून दूर राहिलेली, सोवळ्याओवळ्यात वाढलेली ती बाई पुढे त्याच्याकडे आली, 1900 साली तिनेही बाप्तिस्मा घेतला आणि जेमतेम शिक्षणाच्या बळावर मराठीतले एक अजोड आत्मचरित्र लिहिले. त्या संध्याकाळी 'स्मृतिचित्रे' सरांनी माझ्या हाती दिले. जुन्या दिनदर्शिकेच्या पानाचे वेष्टण घातलेली ती प्रत होती आणि खुणेसाठी तिच्यात एस.टी.चे पंढरपूरचे तिकीट होते.

सर ज्या गोष्टीवर पुन्हापुन्हा येत, ती टिळकांच्या उपदेशाची रीत होती. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशिक्षण देणाऱ्या विद्यालयात शिकवताना, 1904 साली पाळकपदाची दीक्षा घेतल्यावर आणि पुढे 'ज्ञानोदय' या मिशनच्या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन करतानाही त्यांना एकच गोष्ट सलत असे, की मराठी मनुष्याला ख्रिस्त सांगायचा तर तो परक्या चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांतून किती काळ सांगणार? त्यांनी अभंग रचले, भजने रचली आणि हाती टाळ-चिपळ्या घेऊन कीर्तनाला उभे राहिले. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते म्हणत. हे सांगताना सरांचा हात नकळत गळ्यातल्या माळेवर गेला होता. माझ्या न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे मिळाले, असे आज वाटते.

त्याच सुमारास, 1905 साली, केडगावच्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंच्या छायेखाली आत्मिक संजीवनाची मोठी लाट आली होती. रात्ररात्र प्रार्थना, पापाच्या जाणिवेने होणारा आक्रोश आणि त्यानंतरचा हर्ष, असे तिचे रूप होते. ख्रिस्ती लोकांत संजीवन सभा म्हटले की आजही तेच चित्र उभे राहते. सरांच्या लेखी टिळकांचे कार्यही संजीवनच होते, पण त्याची जात निराळी होती. तिथे पूर आला, इथे पाट काढला, असे ते म्हणत. नोकरीची सगळी वर्षे पाटबंधारे खात्यात काढलेल्या मला हे वाक्य विसरणे शक्यच नव्हते, आणि पुरापेक्षा पाटाला किती अधिक खोदकाम लागते, हेही मी पुढे पाहिले. रमाबाईंना या तुलनेत सरांनी थोडा अन्याय केला, हे मात्र आता म्हणायला हवे. केडगावचे काम एका लाटेपुरते नव्हते, दुष्काळातून उचलून आणलेल्या शेकडो मुलींचे संसार तिथे उभे राहिले.

आणि साताऱ्यातील दिवस? ज्यांवर मी चकार शब्द बोललो नव्हतो, ते दिवस मोजून दोन वर्षांचेही नव्हते. 1917 साली टिळकांनी मिशनचे काम सोडले, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि याच आपल्या गावात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांनी एकत्र यावे, कोणाला आपला समाज सोडून येण्याची अट असू नये, अशी ती कल्पना होती. ज्याने स्वतः बाप्तिस्म्यासाठी घरदार पणाला लावले, त्यानेच बावीस वर्षांनी बाप्तिस्मा न घेतलेल्यांसाठी दरबाराचे दार उघडे ठेवावे, यातले मोठेपण आठवीतल्या मुलाला कळणे शक्य नव्हते. दरबार पुरता भरण्याआधीच, 9 मे 1919 रोजी, मुंबईत टिळकांचे निधन झाले. ख्रिस्ताच्या चरित्रावरचे त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.

दोन तासांनी मी टरफले टोपीत गोळा केली आणि निघालो. दारात सरांनी विचारले, ''आता कोणते टिळक?'' मी म्हणालो, ''दोन्ही.'' त्यावर ते मोठ्याने हसले. त्या दिवसातले ते त्यांचे पहिलेच हसू होते.

पुढच्या वर्षी मी तोच विषय मागून घेतला आणि दुसरा क्रमांक मिळवला. नोकरीच्या काळात कोयनेच्या वसाहतीत, नंतर सांगलीला, निवृत्तीनंतर साताऱ्यातील वाचनालयांतून टिळकांवर बोलत आलो. गेल्या वर्षी या व्याख्यानांची संख्या पन्नासावर गेली. एका व्याख्यानानंतर मिरजेचे एक वृद्ध पाळक भेटायला आले. लहानपणापासून टिळकांची गीते ते उपासनेत गात आले होते, पण एखादा बिगरख्रिस्ती माणूस त्यांवर तासभर बोलतो, हे त्यांनी प्रथमच ऐकले. मी त्यांना सरांविषयी सांगितले. त्यांनी माझे दोन्ही हात धरले व काही वेळ तसेच उभे राहिले. हे सरांना सांगायचे राहून गेले, कारण सर त्याआधीच गेले होते, आणि त्यांच्या अखेरच्या आजारपणात मी बदलीच्या गावाहून येतो, येतो म्हणत आलो नाही.

मागच्या महिन्यात शाळेत जाऊन आलो. कौले जाऊन स्लॅब पडली, संगणकाची खोली झाली, हे चांगलेच आहे. उत्स्फूर्त वक्तृत्व स्पर्धा मात्र बंद झाली असे कळले. आता मुलांना विषय आठवडाभर आधी मोबाइलवर जातो आणि भाषणही बहुधा तिथूनच येते. शेंगांपासून सुरुवात करण्याची चूक आता कोणी करणार नाही, याचे मला वाईट वाटले. सहज एका नववीच्या मुलाला विचारले की साताऱ्यात कोणते टिळक राहत होते. तो म्हणाला, ''काका, ते तर पुण्याचे.''

सरांची 'स्मृतिचित्रे'ची प्रत त्या संध्याकाळपासून माझ्याकडेच आहे. ती परत करायला मी दोनदा गेलो होतो आणि दोन्ही वेळा ''राहू दे'' असे उत्तर मिळाले होते. समारंभाच्या दिवशी ती शाळेच्या ग्रंथालयात जमा करणार आहे. दिनदर्शिकेच्या पानाचे वेष्टण तसेच ठेवले आहे, ग्रंथपालांनी कृपया ते बदलू नये. पंढरपूरचे तिकीट मात्र मी काढून घेतले आहे.