बेकायदावाद्यांची वही: दुसरा रकाना भरताना

राज्यसंस्था न मानणाऱ्या अराज्यवाद्यांपैकी ज्यांनी चोरी-दरोडा हीच लढण्याची रीत केली, त्या बेकायदावाद्यांचा द्यूव्हालपासून बोनोपर्यंतचा कालपट मागच्या नोंदीत पुरा झाला होता. त्यानंतरचे महिने जुनी फ्रेंच वर्तमानपत्रं वाचण्यात गेले. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गॅलिका’ संग्रहात ‘ल माताँ’, ‘ल पती पारिझियँ’ यांचे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे अंक पानन्‌पान पाहायला मिळतात. माझं फ्रेंच बेताचंच आहे, पण कोर्टाच्या बातम्यांतले शब्द ठरलेले असतात. आरोप, साक्ष, ज्यूरी, सक्तमजुरी एवढे पक्के झाले की वाचनाला वेग येतो. या विषयात नव्याने शिरणाऱ्यांनी तत्त्वज्ञानाआधी खटले वाचावेत, असं आता माझं ठाम मत झालंय.

नव्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्स, बेल्जियम, इटली, स्वित्झर्लंड इथल्या काही अराज्यवाद्यांनी चोरी, दरोडा, खोट्या नोटा ही आपली जगण्याची आणि लढण्याची रीत म्हणून उघडपणे स्वीकारली. फ्रेंच विचारवंत प्रूदोंने १८४० मध्ये मालमत्तेलाच चोरी म्हटलं होतं. मग श्रीमंताच्या तिजोरीतून काढून घेणं ही चोरी नव्हे, वसुली आहे, असा त्यांचा हिशेब. पहिल्या पिढीच्या डोक्यात ही वसुली चळवळीसाठी होती. पुढे ‘मी’ला सर्वांच्या वर ठेवणारा जर्मन तत्त्वज्ञ स्टिर्नर वाचणारी पिढी आली आणि तिला चळवळीची सबबही नकोशी झाली. मला जगायचंय, कायदा आडवा येतो, म्हणून मी कायदा मानत नाही, एवढं कारण तिला पुरे होतं.

माझ्या वहीत आतापर्यंत प्रत्येक प्रकरणाला एकच रकाना होता: माणूस, तारीख, गाव, ऐवज, शिक्षा. आता मी त्याला दुसरा रकाना जोडलाय. घर कोणाचं फोडलं, गोळी कोणाला लागली, तो माणूस काय काम करायचा आणि पैशाचं पुढे काय झालं. ही माहिती वर्तमानपत्रांत सापडते, पण आमच्यासारख्या हौशींच्या टिपणांत फारशी उतरत नाही, कारण आपलं लक्ष आरोपीच्या पिंजऱ्याकडे असतं. हा रकाना भरायला घेतल्यापासून साऱ्या इतिहासाकडे मी वेगळ्या नजरेनं पाहू लागलो.

सुरुवात क्लेमाँ द्यूव्हालपासून. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया लढाईत जखमी झालेला, आजारपणामुळे कामाला मुकलेला हा कामगार. ५ ऑक्टोबर १८८६ रोजी त्याने पॅरिसमधलं मादलेन लमेर यांचं घर फोडलं, दागिने नेले, घराला आगही लागली. पुढे अटक करायला आलेल्या रोसिन्योल या पोलिसाला त्याने भोसकलं, रोसिन्योल वाचला. तुम्ही मला कायद्याच्या नावाने धरलंत, मी स्वातंत्र्याच्या नावाने वार केला, हा त्याचा पवित्रा. जानेवारी १८८७ मध्ये फाशीची शिक्षा झाली, ती बदलून जन्मभराचं काळं पाणी मिळालं आणि त्याची रवानगी फ्रेंच गयानात झाली. अनेक फसलेल्या प्रयत्नांनंतर १९०१ मध्ये तो तिथून निसटला, न्यूयॉर्कला पोहोचला आणि १९३५ पर्यंत जगला.

आता त्याचा दुसरा रकाना. मादलेन लमेर फुलांची चित्रं काढणाऱ्या नामवंत चित्रकार होत्या. श्रीमंत होत्या, पण कारखानदार किंवा सावकार नव्हत्या. पुढे मारियुस झाकोब या अराज्यवादी घरफोड्याने आपल्या टोळीसाठी ‘कलावंताच्या घराला हात लावायचा नाही’ असा नियम केला. म्हणजे ज्या घरफोडीपासून या परंपरेची गणती होते, तीच झाकोबच्या नियमात बसत नाही. ही गोष्ट माझ्या ध्यानात आली ती केवळ दोन रकाने शेजारी-शेजारी असल्यामुळे.

व्हित्तोरियो पीनी या इटालियन घरफोड्याचं प्रकरण (१८८९, वीस वर्षं सक्तमजुरी) अजून अर्धवट आहे, त्यावर पुढे लिहीन. १८९४ च्या ‘तीस जणांच्या खटल्या’वर मात्र दोन ओळी हव्यात. अराज्यवाद्यांचे बॉम्बस्फोट आणि राष्ट्राध्यक्ष कार्नो यांचा खून यांनंतर सरकारने लेखक, विचारवंत आणि घरफोडे अशा सगळ्यांना एकाच पिंजऱ्यात उभं केलं. युद्धखात्यात कारकून असलेला कलासमीक्षक फेलिक्स फेनेओंही त्यांत होता. ज्यूरीने विचारवंतांना सोडून दिलं आणि ओर्तिझसारख्या घरफोड्यांना शिक्षा दिली. चळवळीच्या आतही हीच फळी पडलेली होती. अराज्यवादी संपादक झाँ ग्राव्ह आपल्या पत्रातून चोरीच्या विरोधात लिहीत होते. चोर मालमत्तेची व्यवस्था मोडत नाही, तिच्यावरच पोसला जातो, हा त्यांच्या बाजूचा मुद्दा. भूगोलतज्ज्ञ एलिझे रक्ल्यू अशा माणसांकडे अधिक सहानुभूतीने पाहत. मी स्वतः ग्राव्ह यांच्या बाजूला झुकतो, पण झाकोबचं प्रकरण काढलं की दर वेळी पुन्हा विचार करावा लागतो.

झाकोबसाठी मी सर्वांत जास्त पानं राखून ठेवली आहेत. जन्म १८७९, मार्सेलिस. मराठी वाचकाला मार्सेलिस म्हटलं की सावरकरांची १९१० ची उडी आठवते. हा मुलगा त्याच बंदरावर वाढला आणि लहान वयात जहाजावर पोऱ्या म्हणून लागला. परत आल्यावर अराज्यवाद्यांत मिसळला, स्फोटकांच्या प्रकरणात अडकून तुरुंगात गेला. सुटल्यावर जिथे नोकरी धरेल तिथे पोलीस मालकाला जाऊन त्याची कहाणी सांगत, की नोकरी गेलीच. त्याच्या पुढच्या आयुष्याचं मूळ मला इथे दिसतं.

३१ मार्च १८९९ रोजी तो पोलीस अधिकारी बनून, साथीदारांना घेऊन मार्सेलिसमधल्या एका गहाणवटीच्या पेढीत शिरला. चोरीचा माल शोधायचाय म्हणून दागिन्यांची रीतसर यादी केली, माल ‘जप्त’ केला आणि पेढीवाल्याला न्यायालयाच्या इमारतीत नेऊन बसवून ठेवलं. रक्ताचा थेंब सांडला नाही. मग त्याने ‘रात्रीचे कामकरी’ ही टोळी उभी केली. तिचे नियम स्पष्ट होते. स्वतःचा जीव आणि स्वातंत्र्य वाचवण्याखेरीज, आणि तेही फक्त पोलिसांविरुद्ध, शस्त्र वापरायचं नाही. मालक, न्यायाधीश, लष्करी अधिकारी, चर्चवाले यांना लुटायचं. डॉक्टर, शिक्षक, लेखक, कलावंत यांना सोडायचं. मिळकतीचा दहावा हिस्सा चळवळीला द्यायचा. पॅरिसमध्ये एका जवाहिऱ्याकडे त्यांनी वरच्या मजल्याच्या जमिनीला भोक पाडून त्यातून मिटलेली छत्री खाली सोडली आणि उघडली, म्हणजे पडणारा चुना-मुरूम छत्रीतच जमा होऊन आवाज होत नाही. रॉशफोरमध्ये एका घरात शिरल्यावर ते लेखक पिएर लोती यांचं आहे असं कळलं, तेव्हा काही न घेता फुटलेल्या काचेचे पैसे आणि चिठ्ठी ठेवून तो निघून गेला, अशी कथा सांगतात.

हा भाग वाचताना मन त्याच्याकडे ओढलं जातं, आणि ते साहजिक आहे. पण एप्रिल १९०३ मध्ये आब्व्हीलची घरफोडी उधळली आणि पळताना जवळच्या पों-रेमी स्टेशनवर झटापट झाली. त्यात प्रूव्हो नावाचा पोलीस ठार झाला. दुसऱ्या रकान्यात हे एक नाव आहे. टोळीच्या नियमात पोलिसाला संरक्षण नव्हतंच, म्हणजे नियम मोडला गेला नाही. मला तेच जास्त खुपतं. छोट्या गावातला पगारी शिपाई हा त्यांच्या हिशेबात आधीच शत्रूच्या खात्यावर मांडलेला होता. झाकोब ज्यांच्यासाठी लढतो असं म्हणत होता, त्यांच्याच घरांतून असे शिपाई भरती होत.

मार्च १९०५ मध्ये आमियाँला खटला चालला. तिथलं त्याचं निवेदन मी मराठीत उतरवायला घेतलंय. जगण्याचा हक्क भीक मागून मिळत नाही, तो घ्यावा लागतो, हे त्यातलं सर्वांत गाजलेलं वाक्य. मला मात्र शेवटाकडचा भाग जास्त मोलाचा वाटतो. माणसं आपली सुखदुःखं, श्रम आणि संपत्ती एकत्र करतील आणि सगळं सगळ्यांचं होईल, तेव्हाच हा झगडा संपेल, असं तो तिथे म्हणतो. चोरीला तो मुक्तीचा मार्ग ठरवत नाही. अन्याय संपेपर्यंतचं युद्ध एवढीच जागा तिला देतो.

शिक्षा जन्मभराची सक्तमजुरी, पुन्हा गयाना. तिथून पळायचे अनेक प्रयत्न फसले. आई मारी त्याच्या सुटकेसाठी वर्षानुवर्षं झटली, शोधपत्रकार आल्बेर लोंद्र यांच्या लेखनाने फ्रान्समध्ये त्या तुरुंगांविरुद्ध संताप उठला, आणि १९२७ च्या अखेरीस झाकोब सुटला. उरलेलं आयुष्य त्याने गावोगावच्या बाजारांत कापड-कपडे विकत काढलं. म्हातारपणी इतिहासकार झाँ मेत्रों यांना लिहिताना त्याने म्हटलं की बेकायदावादाने माणूस मुक्त होईल असं त्याला वाटत नाही. ही सिद्धान्तापेक्षा स्वभावाची बाब आहे, असंही त्याने लिहिलं. ज्याने किंमत मोजली, त्याचा हा निवाडा आहे, आणि माझ्या लेखी तो ग्राव्ह यांच्या साऱ्या लेखांहून वजनदार आहे. २८ ऑगस्ट १९५४ रोजी रय्यी गावात, शरीर थकण्याआधी स्वतः ठरवून, त्याने मॉर्फीन टोचून घेतलं. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत कपडे धुऊन वाळवलेत, इस्त्री तेवढी राहिली, त्याबद्दल माफी, आणि दोन लिटर वाइन कुठे ठेवलीय ते लिहिलं होतं.

आता बोनो टोळी. खरं सांगायचं तर हे काम जड गेलं. ‘लानार्शी’ हे अराज्यवादी साप्ताहिक आल्बेर लिबर्तादने १९०५ मध्ये सुरू केलं. त्याच्या मृत्यूनंतर ते रोमँव्हीलला हलवलं गेलं आणि तिथे मांस, दारू, तंबाखू वर्ज्य करून, व्यायाम आणि विज्ञानाचा ध्यास घेऊन राहणाऱ्या तरुणांचा गट जमला. रेमों कालमँ, ओक्ताव्ह गार्निए, एदुआर कारुई. विशी-पंचविशीतली, उपासमार पाहिलेली, वाचणारी मुलं. त्यांना लियोंकडून आलेला मेकॅनिक झ्यूल बोनो भेटला, ज्याला मोटार चालवता येत होती.

२१ डिसेंबर १९११ रोजी पॅरिसच्या रू ओर्दने या रस्त्यावर त्यांनी सोसिएते जेनेराल बँकेच्या माणसावर गोळ्या झाडून पैशाची पिशवी हिसकावली आणि मोटारीतून पसार झाले. दरोड्यात मोटारीचा वापर म्हणून या घटनेला पुस्तकांत जागा मिळते. दुसऱ्या रकान्यात एर्नेस्त काबी हे नाव येतं, बँकेच्या पिशव्या पोचवणारा निरोप्या. तो वाचला. पिशवीत बरेचसे रोखे होते, आणि ते त्यांना विकता येईनात. ३ जानेवारी १९१२, तिए: एक ९१ वर्षांचे वृद्ध आणि त्यांची म्हातारी मोलकरीण, दोघांचा खून. २७ फेब्रुवारी, पॅरिस: गाडी अडवायला आलेला वाहतूक पोलीस ठार. त्याचंही आडनाव गार्निए. २५ मार्च: मोंझरोंला गाडी हिसकावताना चालक ठार, मग शाँतियीच्या बँकेत दोन कारकून ठार. ड्रायव्हर, कारकून, निरोप्या, मोलकरीण, शिपाई. ही यादी लिहून काढल्यावर मी बराच वेळ पुढे गेलो नाही. ज्या बँकेशी वैर, तिचा एकही संचालक या यादीत नाही. बँकेने तेवढं एक लाख फ्रँकचं बक्षीस लावलं.

शेवट सगळ्यांना माहीत आहे. २४ एप्रिलला बोनोने ‘स्यूर्ते’ या गुन्हे-तपास पोलीस खात्याचा उपप्रमुख झुअँ याला ठार केलं, २८ एप्रिलला बोनो लपलेल्या श्वाझी-ल-र्वाच्या गॅरेजला पोलीस, सैनिक आणि बघ्यांच्या प्रचंड गर्दीने वेढा घातला, डायनामाइटने भिंत उडवली. मे महिन्यात गार्निए आणि त्याचा साथीदार व्हाले नोजाँला मारले गेले. २१ एप्रिल १९१३ रोजी टोळीतल्या कालमँ, सूदी आणि मोनिए यांना गिलोटिनवर चढवलं.

हौशी मंडळींनी यातलं एक प्रकरण जरूर स्वतंत्र वाचावं, ते म्हणजे एजेन द्योदोने या सुताराचं. काबीने त्याला आपल्यावर गोळी झाडणारा म्हणून ओळखलं. पण काबीने आधी दुसऱ्याच माणसाकडे, टोळीतल्या गार्निएकडे बोट दाखवलं होतं. गार्निएने बोटांचे ठसे उमटवून पोलिसांना पत्र लिहिलं की द्योदोने निर्दोष आहे. वेढ्यात अडकलेल्या बोनोने मरण्याआधी लिहून ठेवलं की द्योदोने निर्दोष आहे. निकालानंतर कालमँनेही भर कोर्टात तेच सांगितलं. तरी शिक्षा मृत्युदंडाचीच राहिली. राष्ट्राध्यक्षांनी तो बदलून त्याला गयानात पाठवलं. तिथून पळून तो ब्राझीलला पोचला, तिथे लोंद्र यांनी त्याला गाठून त्याची बाजू जगापुढे मांडली, आणि तो परत येऊन पुन्हा सुतारकीला लागला. दुसऱ्या रकान्यात मी द्योदोनेचंही नाव घातलंय. टोळीच्या कृत्यांचा भार त्याच्यावर पडला, आणि तो टाकणारं न्यायालय होतं.

व्हिक्टर किबालचिच, म्हणजे पुढचा लेखक व्हिक्टर सर्ज, आणि रिरेट मेत्रजाँ तेव्हा ‘लानार्शी’ चालवत होते. कचेरीत दोन पिस्तुलं सापडली. सर्जला पाच वर्षं, रिरेट सुटली. जानेवारी १९१२ मध्ये त्याने दरोडेखोरांची बाजू घेणारा लेख लिहिला होता, पुढे मात्र तो या वाटेचा कठोर टीकाकार झाला. रिरेटचं आयुष्य वाचायचं राहिलंय आणि ती माझ्या यादीत वर आहे, कारण या इतिहासात बायका बहुधा साक्षीदारांच्या बाकावरच दिसतात. झाकोबची जोडीदार रोझ तुरुंगातच वारली, तिच्याविषयी फार थोडं हाती लागतं.

आपल्याकडचा एक धागा. मद्रासमध्ये जन्मलेले एम. पी. टी. आचार्य तरुणपणी लंडन-पॅरिसच्या भारतीय क्रांतिकारकांत होते, पुढे अराज्यवादी झाले, युरोपातल्या अराज्यवादी पत्रांत लिहीत राहिले आणि १९५४ मध्ये, झाकोबच्याच वर्षी, मुंबईत वारले. ते बेकायदावादी नव्हते. पण एखाद्या भारतीय अराज्यवाद्याने हिंसेविषयी काय विचार केला, ते या वहीशेजारी ठेवून पाहण्यासारखं आहे, म्हणून त्यांचे लेख वाचायला काढलेत.

पुढचं काम असं. झाकोबच्या निवेदनाचा मराठी मसुदा दिवाळीपर्यंत संपवून इथे देईन. त्यानंतर स्पेन: १ सप्टेंबर १९२३ ची हिहोनमधली बँक ऑफ स्पेनवरची धाड, कारण स्पॅनिश अराज्यवादी दुर्रुती आणि त्याच्या साथीदारांच्या मागे कामगार संघटना होती आणि पैशाला कुठे जायचं ते ठाऊक होतं. तो दुसरा रकाना कसा दिसतो, ते पाहायची मला फार उत्सुकता आहे. द्यूव्हालच्या आठवणी १९२९ मध्ये आधी इटालियनमध्ये छापल्या गेल्या, अनुवाद इटालियन अराज्यवादी लुइजी गाल्लेआनी यांचा. आपल्यापैकी कोणाला इटालियन वाचता येत असेल तर लमेर यांच्या घरफोडीचं प्रकरण मिळून वाचूया. त्या रात्रीबद्दल आणि त्या घराबद्दल द्यूव्हालने स्वतः काय लिहिलंय, ते मला त्याच्याच शब्दांत वहीत हवंय.