दुसरी स्ट्रिंग जागी झाली

सापडलं! आमच्या सोलर पॅनलांची वीज दुपारी कमी पडायची. तीन आठवडे छळणारी ती गळती काल सापडली.

सेटअप असा: पत्र्यावर ३३५ वॅटचे चार पॅनल, दोन-दोन एकामागे एक जोडून केलेल्या दोन माळा, म्हणजे दोन स्ट्रिंग. सकाळी सगळं सुरळीत, आणि बाराला कंट्रोलरवर (पॅनलची वीज जिथे येते आणि आकडा दिसतो तो डबा) जेमतेम ७०० वॅट. मी दोष उन्हाला दिला होता. पारोळ्याचा मे, हवा ४४ अंश, पॅनलची पाठ ६८. नाना रोज विचारायचे, "इतलं ऊन शे, मंग वीज कमी का व्हस?" त्यांना सांगितलं, सेलमधले इलेक्ट्रॉन सुटतात ते उजेडाने, तापल्यावर उलट व्होल्टेज उतरतं. २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.४ टक्के वीज जाते. ४३ अंशांचे १७ टक्के धरले तरी १३४० चे ११०० उरायला हवेत. बाकीचे ४०० कुठे?

पॅनल दोनदा धुतले. सावली तपासली. मल्टिमीटरवर दोन्ही स्ट्रिंग सुट्या असताना ८० व्होल्ट, म्हणून वायरिंग निर्दोष ठरवलं. चूक तिथेच झाली. करंट वाहत नसेल तर खराब जोडही पूर्ण व्होल्टेज दाखवतो. शेवटी अमळनेरच्या मित्राचा डीसी क्लॅम्प मीटर, म्हणजे वायर न तोडता तिच्याभोवती धरून करंट मोजणारा चिमटा, आणला (स्वस्तातले बरेच क्लॅम्प फक्त एसी मोजतात, घेताना बघा). पहिली स्ट्रिंग ८.२ अँपिअर, दुसरी २.६!

डीसी एमसीबी (करंट तोडणारा स्विच) पाडून एकेक एमसी-फोर, म्हणजे पॅनलच्या वायरी जोडणारा कनेक्टर, उघडला. चालू करंटवर तो कधीही ओढू नका, डीसीचा आर्क (जोड तुटताना पेटणारी ठिणगी) सहज विझत नाही. तिसऱ्याच्या आतली पिन काळी पडलेली, प्लास्टिक मऊ. फिटरने पिन साध्या पकडीने दाबली होती. सकाळी करंट कमी, म्हणून जोड निभावून न्यायचा. दुपारी तोच अडसर व्हायचा. माझं ठाम मत: रॅचेट क्रिंपर (पिन वायरीवर पूर्ण दाबल्याशिवाय न सुटणारी खास पकड) नसलेल्या माणसाला छतावर चढूच देऊ नये. आणि नर-मादी कनेक्टर एकाच कंपनीचे घ्या.

नवी पिन बसवली. आज बाराला १०४० वॅट! नानांना खाली बोलावून आकडा दाखवला.

पाचवा पॅनल घ्यायचा बेत होता, तो रद्द. दोन-दोनच्या मांडणीत तो बसतही नाही. त्या पैशात क्रिंपर घेऊन उरलेले सगळे जोड नव्याने करतो. लिहिता लिहिता आणखी एक सुचलं: पॅनल पत्र्यापासून चारच बोटं वर आहेत. स्टँड फूटभर उचलला तर खालून वारा खेळेल, पॅनल कमी तापतील. पण पावसाळी वादळाआधी अँकर बोल्ट वाढवावे लागतील, म्हणून रविवारी आधी वेल्डरकडे.