थांब रे बाळा

किर्गिझस्तानच्या १०० सोमच्या नोटेवर तोक्तोगुल सातिल्गानोव आहेत (१८६४–१९३३). तीन तारांचं कोमुझ छेडत उभ्या उभ्या कवनं रचणारे ‘अकिन’. आपण त्यांना शाहीरच म्हटलं असतं. नावात ‘गुल’ ऐकून आपल्याला फूल आठवतं. तिकडच्या आयगुल नावाच्या मुलींच्या बाबतीत ते बरोबरही आहे. इथला गुल मात्र मुळात ‘कुल’, म्हणजे दास, देवाचा दास. आणि ‘तोक्तो’ म्हणजे थांब.

कुणाला थांब म्हणायचं? बाळाला. आधीची मुलं हाती लागली नाहीत की पुढच्याला असं नाव ठेवायचं. तोक्तोबेक, तुर्सुन, तुर्दुबेक ही सगळी याच घरातली नावं: राहा, टिको, राहिला. या कवीच्या वडिलांचं नाव त्याहून कमाल, सातिल्गान, म्हणजे ‘विकलेला’! मूल दुसऱ्याला विकल्याचा देखावा करायचा आणि परत विकत घ्यायचं. मरण आलं तरी पत्ता चुकावा.

हे आपल्याला कशाला समजावून सांगायला हवं? धोंडू, दगडू, भिकू, केरू आपल्याच घरात वाढले. धोंडो केशव कर्वे तर तोक्तोगुलपेक्षा सहा वर्षांनी मोठे, आणि १०४ वर्षं जगले. पण आपण यमाला फसवायला बघतो: हा नुसता दगड आहे, याला नेऊन काय करणार? तोक्तोगुलच्या नावात फसवाफसवी नाही. आई सरळ पोरालाच विनवते. मला हे जास्त धीराचं वाटतं.

पोरगा टिकला. रशियन राजवटीविरुद्ध १८९८ साली अंदिजानला (आजच्या उझबेकिस्तानात) झालेल्या उठावानंतर झारच्या सरकारनं त्यांना सैबेरियात धाडलं, तिथूनही ते परत आले. पुढे सोव्हिएत काळात त्यांच्याच केतमेन-तोबे खोऱ्यात नारिन नदीवर २१५ मीटर उंच धरण बांधलं आणि त्याला तोक्तोगुल नाव दिलं. नदीला थांबवायला याहून चपखल नाव सापडलं नसतं, आणि ते ठेवणाऱ्यांच्या हे लक्षात आलं असेल असं मला मुळीच वाटत नाही. आता हिवाळ्यात किर्गिझ लोकांना वीज हवी म्हणून तोक्तोगुल पाणी सोडतं. खाली उझबेकिस्तान आणि कझाकस्तानातल्या शेतकऱ्यांना ते हवं असतं उन्हाळ्यात. तोवर त्यानं थांबावं यावरून सरकारांची वर्षानुवर्षं वादावादी चाललेली आहे.