सभामंडपातला विंचू

आज देवगडला गावच्या देवळात मेडिकलची मुलं आली होती, अभ्यास गावाला दाखवायला. पोस्टर सगळी इंग्रजीत. आमच्या काकीने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "गो चेडवा, ह्यां ऱ्हवांदे. विंचू चावलो तर काय करूचां तां सांग."

मुलगी हसली, पोस्टर गुंडाळून खालीच बसली. मग मजा आली. लाल विंचवाच्या विषाने दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार. जीव जातो तो हृदयावर ताण येऊन, फुप्फुसात पाणी भरून. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबाची साधी प्राझोसिनची गोळी यावर वापरून दाखवली, त्यांचं काम 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०२२ ला पद्मश्री. कोकणातल्याच रुग्णांवरचं काम, आणि आम्हाला आज कळतंय!

लहानपणी जांभ्याच्या गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात, हात घातला आणि विंचू चावला तेव्हा मला आधी मांत्रिकाकडे नेलं होतं. वाचलो ते नशीब.

काकीने शेवटी विचारलं, "गोळी घरात ठेवू?" मुलगी घाईने म्हणाली, "नको आजी, मनाने घ्यायची नाही, तडक दवाखान्यात जायचं." काकीला ते काही फारसं पटलेलं दिसलं नाही. मुलांना कोकमसरबत मात्र तिनेच पाजलं.