एच-मॅकची एगसॅक: अंड्यांना पाय फुटले, थेंब मात्र पिच्छा सोडेनात

अखेर माझ्याकडच्या एच-मॅक या टॅरांटुला कोळ्याच्या मादीच्या अंड्यांना पाय फुटले. एगसॅक, म्हणजे अंड्यांची रेशमी पिशवी, मादीजवळ राहू द्यावी की काढून घ्यावी, हा मागच्या नोंदीतला प्रश्न काढून घेण्याच्या बाजूने सुटला. आता कापडी झोळीत पसरलेल्या फिकट पिवळ्या मण्यांपैकी बहुतेकांच्या अंगालगत मुडपलेले, काचेसारखे आरपार दिसणारे आखूड पाय भिंगाखाली स्पष्ट दिसतात. ब्रशचा एक केस लागताच त्यांतल्या एकाने पाय किंचित ताणला, तेव्हा मी बराच वेळ भिंग खाली ठेवले नाही. असे असूनही या नोंदीचा मोठा भाग इन्क्युबेटरच्या झाकणावर साचणाऱ्या पाण्याच्या थेंबांबद्दल आहे, कारण आतापर्यंतची बहुतेक मेहनत त्यांनीच खाल्ली आहे.

आधी एगसॅक काढण्याविषयी थोडे. या मादीने आधीची एगसॅक खाऊन टाकली होती आणि त्यानंतर कात टाकली होती. कातेबरोबर शुक्राणू साठवणाऱ्या पिशव्यांचे अस्तरही निघून जात असल्यामुळे पुन्हा जोडी लावणे भाग पडले, आणि नर पाठवणाऱ्या विक्रेत्याने ‘ताजा प्रौढ’ म्हणून जो प्राणी पाठवला, तो पोटाने आक्रसलेला आणि एक पाय गमावलेला होता. तरीही त्याने पाल्पने (तोंडाजवळच्या पायासारख्या अवयवाने) ठेका धरून आपले काम चोख केले आणि जिवंत बाहेर आला. इतक्या खटाटोपानंतर दुसरी एगसॅक मादीच्या मर्जीवर सोडण्याची माझी तयारी नव्हती. साधारण महिनाभर तिला ती फिरवू दिली आणि मग काढून घेतली.

हेटेरोस्कोड्रा मॅक्युलाटा, म्हणजेच एच-मॅक, हा पश्चिम आफ्रिकेतला, झाडावर राहणारा कोळी आहे. अमेरिका खंडातल्या बहुतेक टॅरांटुलांप्रमाणे खाजरे केस उडवण्याची सोय त्याच्याकडे नाही. त्यामुळे पळून जाणे जमले नाही की तो थेट चावतो, आणि पळण्याचा वेग असा की नजर पोहोचेपर्यंत तो दुसऱ्या भिंतीवर असतो. त्याच्या विषातली दोन द्रव्ये वेदनेशी संबंधित मज्जातंतूंमधली एनएव्ही 1.1 ही सोडियम वाहिनी निवडून चेतवतात, असे 2016 साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवण्यात आले. संशोधन सुंदर आहे, पण हातात चिमटा असताना त्याचे कौतुक करवत नाही. काळ्या विधवा कोळ्याच्या दंशावर प्रतिविष उपलब्ध आहे. या कोळ्यासाठी तसे काही बनवलेले नाही. म्हणून मादी जिच्यात राहते ती कॉर्कची अख्खी नळी उचलून खोल, गुळगुळीत भिंतींच्या टबात ठेवली, मागचे तोंड स्पंजने बंद केले आणि मादीवर पारदर्शक कप धरून लांब चिमट्याने एगसॅक सोडवली. तिने चिमट्यावर झडप घातली तेव्हा दात धातूवर घासल्याचा बारीक आवाज आला आणि टोकाशी विषाचा स्वच्छ थेंब राहिला. नुसत्या पोलादी टोकाचे चिमटे या कामासाठी विकू नयेत असे माझे ठाम मत झाले आहे; रबराचे टोक असेल तर कोळ्याचे दातही वाचतात आणि एगसॅकही फाटत नाही.

आता थेंबांकडे. मांडणी नेहमीचीच होती: वरच्या डब्यात ताणून बसवलेले नायलॉनचे कापड, त्यावर अंडी, खालच्या डब्यात ओला स्पंज, आणि सगळ्यांत खाली तापमान राखणाऱ्या थर्मोस्टॅटला जोडलेली हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई. उष्णता खालून आली की स्पंजातल्या पाण्याची वाफ होते, ती वर जाऊन तुलनेने थंड झाकणाला भेटते आणि तिथे पुन्हा पाणी होते. थेंब जड झाला की तो बरोबर झोळीत पडतो. भिजलेली अंडी एकमेकांना चिकटतात, त्यांतले एखादे तपकिरी पडते, त्याच्यावर राखाडी लव उगवते आणि ती शेजाऱ्यांवर पसरू लागते. अशी अंडी रोज मऊ ब्रशने वेचून काढणे हे काम जिकिरीचे तर आहेच, शिवाय प्रत्येक वेळी झाकण उघडले की आतले सगळे गणित विस्कटते.

डब्याची हवेची भोके वाढवली तेव्हा थेंब थांबले, पण कडेच्या अंड्यांवर खळगे पडू लागले, म्हणजे ती सुकत होती. झाकणाखाली टिशू लावला, तर तो ओथंबून स्वतःच बुरशीचे माहेरघर झाला. झाकण तिरके बसवल्यावर पाणी कडेने ओघळू लागले आणि नुकसान बरेच घटले. पाय फुटलेली बहुतेक अंडी याच काळात वाचली, असे मला वाटते. या सगळ्यात स्वस्तातल्या डिजिटल आर्द्रतामापकाचा काडीइतका उपयोग झाला नाही. नव्वद टक्क्यांच्या पुढे गेल्यावर हे यंत्र जे आकडे दाखवते, त्यापेक्षा झाकणाच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवणे अधिक विश्वासार्ह आहे.

त्यानंतर हीट मॅट काढून टाकली आणि डबा जाड थर्माकोलच्या मोठ्या खोक्यात ठेवून खोक्याच्या आतल्या भिंतींवर हीट केबल फिरवली. सगळीकडची हवा सारखी उबदार राहिली, तर झाकण थंड राहण्याचे कारणच उरत नाही, असा हिशेब होता. दिवसा तो अचूक ठरला. रात्री खोली गार झाली की मात्र झाकणावर पुन्हा दव दिसते, कारण साधा चालू-बंद थर्मोस्टॅट उशिरा जागा होतो आणि मग एकदम तापवतो. उष्णता थोडी थोडी देत राहणारा प्रोपोर्शनल थर्मोस्टॅट महाग असला तरी अंड्यांसाठी तोच घ्यावा, असे लिहून मी ही नोंद संपवणार होतो.

परंतु हे लिहीत असतानाच लक्षात आले की उष्णता वरून दिली, तर प्रश्न मुळातच मिटतो. झाकण सर्वांत उबदार आणि पाणी सर्वांत गार असेल, तर वाफ झाकणावर जमणार नाही. जमलीच तर पाण्यावरच जमेल. यात मेख एवढीच की मग अंड्यांपाशी हवा किती दमट राहील हे पाण्याच्या तापमानावरून ठरते. पाणी 25 अंश सेल्सिअसला आणि अंडी 27 अंशांना असतील, तर अंड्यांपाशी सापेक्ष आर्द्रता साधारण 89 टक्के येते. फरक एकाच अंशाचा ठेवला तर ती 94 टक्क्यांच्या आसपास राहते. म्हणजे भोके कमी-जास्त करत बसण्यापेक्षा झोळी आणि पाणी यांच्यातले अंतर बदलून आर्द्रता ठरवता येईल, आणि दोन्ही ठिकाणी एकेक चांगला तापमापक बसवला की आर्द्रतामापकाची गरजच उरणार नाही. थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारे टोक) झाकणाला न चिकटवता झोळीच्या पातळीवरच ठेवावा लागेल, नाहीतर अंडी गार पडतील.

तेव्हा नव्या थर्मोस्टॅटची खरेदी तूर्त थांबवली आहे आणि आज रात्री केबल खोक्याच्या झाकणाखाली हलवणार आहे. आधी रिकाम्या झोळीवर चाचणी घ्यावी असा विचार होता, पण आता थेट यांच्यावरच करून पाहणार आहे. ती पुढच्या अवस्थेत गेली आणि पोटे गडद होऊ लागली की झोळी काढून ओलसर टिशूवर ठेवीन. दुसरी कात टाकून ती खरी स्लिंग (स्वतः शिकार खाणारी पिल्ले) झाली की एकमेकांना खाण्याआधी वेगवेगळ्या छोट्या कुप्यांत हलवीन. उडता न येणाऱ्या हायडी फळमाश्यांची पैदास आतापासूनच सुरू केली आहे. वरून उष्णता देऊन ज्यांनी टॅरांटुलाची अंडी उबवली असतील, त्यांनी झोळी आणि पाणी यांच्यात किती अंतर ठेवले होते, एवढे मात्र जरूर कळवावे.